खिडकीच्या आतल्या बाई

बाईंच्या पत्र्याच्या कंपासपेटीत कंपास नव्हता. दोन रबरी शिक्के, एक जांभळं स्टॅम्पपॅड आणि तांबड्या शाईचं पेन एवढंच तिच्यात असायचं. एका शिक्क्यावर ‘आवक’, दुसऱ्यावर ‘जावक’. कचेरीत आलेल्या कागदावर पहिला मारतात, बाहेर जाणाऱ्या कागदावर दुसरा. आवकचा शिक्का इतका झिजला होता की मधला ‘व’ उमटतच नसे. कागदावर ‘आ क’ एवढंच यायचं. जावकचा मात्र कोरा करकरीत होता.

“बाई, हा कधी मारणार?” महिन्यातून एकदा कुणीतरी विचारायचंच.

“कागद माझ्या टेबलावरून सुटला की. तुमचा अजून एकाचाही सुटलेला नाही.”

नव्वदच्या दशकात, नाशिकमधल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत त्या आम्हाला नववीला मराठी शिकवायच्या. आमच्याकडे मराठीच्या तासाला फारशी किंमत नव्हती. तो पी.टी.च्या तासानंतर यायचा. मुलं घामेजलेली असायची, आणि पाणी प्यायला गेलेली निम्मी दहा मिनिटं उशिरा परतायची. बाकी सगळ्या शिक्षिकांना आम्ही ‘मिस’ म्हणायचो. यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “मला बाई म्हणा.” वर्गात हसू पसरलं, कारण बहुतेकांच्या घरी बाई म्हणजे भांडी घासायला येणारी. मी हसले नाही. आमच्या घरी भांडी मीच घासायचे.

बाई हसू संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या घरी ज्या बाई येतात, त्यांचं आडनाव कुणाला माहीत आहे?” एकही हात वर झाला नाही. “मग माझंही विचारू नका.”

त्या पंचवटीत राहायच्या आणि लुनावरून यायच्या, हेल्मेट घालून. तेव्हा नाशकात मोटारसायकलवालेसुद्धा हेल्मेट घालत नसत. लुना चालू होत नसली की तिलाही अहोजाहो करायच्या. “चला, उशीर होतोय. मलाही आणि तुम्हालाही.” वर्गात कुणालाच ‘तू’ नसायचं. हजेरी नावानं घेत नसत, क्रमांकानं घेत. “अर्जदार क्रमांक सतरा.” सतरा म्हणजे मी. मी उभी राहायचे आणि इतक्या हळू ‘हजर’ म्हणायचे की त्या पेन खाली ठेवून पुन्हा विचारायच्या, “सतरा आल्यात की आल्या असं वाटतंय?”

लुनाच्या टोपलीत रोज एक फूल असायचं. एकच. शेवंतीचं, झेंडूचं, कधी गुलाबाचं. केसांत माळत नसत. वर्गात आणून शाईच्या रिकाम्या दौतीत ठेवायच्या आणि जाताना तिथंच सोडून जायच्या. ते फूल कुठून येतं हे सगळ्या वर्गात फक्त मला माहीत होतं. माझी आई पंचवटीत नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर फुलं विकायला बसायची. मखमलाबादकडे आमची थोडी शेती होती, आणि तिच्यात आजोबांपासून फुलंच होती. गुलाबाचे देठ तिरके कापायची आईची सवय मी कुठेही ओळखली असती. दौतीत तसा देठ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे कान गरम झाले. आता बाई वर्गात काहीतरी बोलणार असं वाटलं. आईनं त्यांना सांगितलेलं होतं, माझी पोरगी तुमच्याच शाळेत आहे म्हणून. पण बाई बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि वर्षभर नाही.

शाळेत कुणी विचारलं तर मी ‘बिझनेस’ म्हणायचे. इंग्रजीत ते खोटं वाटत नाही.

मराठीच्या पेपरात पत्रलेखनाचा एक प्रश्न असतो. इतर वर्गांत गाइडमधले तीन अर्ज पाठ करून घेत: रजेचा, दाखल्याचा आणि नळाला पाणी येत नसल्याचा. बाईंनी वर्षभर एकच अर्ज लिहून घेतला. विषय: महाविद्यालयात प्रवेश मिळणेबाबत. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तो द्यायचा. कॉलेज ज्यानं त्यानं निवडायचं, शाखा ज्यानं त्यानं ठरवायची. ‘माननीय प्राचार्य’ म्हणजे स्वतः बाई.

“पण बाई, आम्ही नववीत आहोत,” पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला. “कॉलेजला अजून दोन वर्षं आहेत.”

“म्हणूनच. दहावीत माणूस घाबरलेला असतो. घाबरलेला माणूस दुसऱ्यानं उघडलेल्या दारातून आत जातो. नववीत तुम्हाला कुणी काही विचारत नाही. ही मोठी सोय आहे, वापरा.”

अर्जाचे तीन भाग त्यांनी फळ्यावर लिहिले: कोण, काय, का. मी कोण, मला काय हवं, का हवं. त्या म्हणायच्या, पहिला भाग सगळे लांबलचक लिहितात, तिसरा खोटा लिहितात, आणि दुसरा लिहायचाच विसरतात.

आमची मराठी ही अशी. मी पहिल्या अर्जात लिहिलं, ‘मला विज्ञान या विषयात खूप व्याज आहे.’ घरच्या डिक्शनरीत ‘इंटरेस्ट’ शोधला होता, त्याच्यापुढे पहिला शब्द तोच होता. कागद परत आला तेव्हा शेजारी तांबड्या शाईत लिहिलं होतं, ‘किती टक्के?’ आणि खाली, ‘नामंजूर. तुम्हाला रस असावा, व्याज नव्हे.’ वर्गातल्या एका मुलीनं लिहिलं, मला वक्तृत्वात दोनदा बक्षीस मिळालं आहे, म्हणून मी वाणिज्य शाखा निवडते. तो वाचताना बाई तोंडावर पदर धरून हसल्या. त्यांना मोठ्यानं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. “वाणी बरोबर ओळखलात,” त्या तिला म्हणाल्या, “पण तोंडातली नव्हे, दुकानातला.”

‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’ या शब्दांवर त्यांचा राग होता. खोडून वर लिहायच्या, ‘आज्ञा कोणती? मी अजून केलेली नाही.’

अर्ज हातात घेत नसत. तो खिडकीतून द्यावा लागे. आमच्या वर्गाची एक खिडकी व्हरांड्यात उघडायची. तिच्या वरच्या भागावर बाई महाराष्ट्राचा नकाशा अडकवायच्या, खाली वीतभर फट ठेवायच्या, आणि स्वतः आत टेबल लावून बसायच्या. आम्ही चाळीसजण बाहेर रांगेत. फटीतून हात आत घालून कागद द्यायचा, आतून शिक्क्याचा धप्प आवाज यायचा. “आवक. पुढचे.”

एकदा मुख्याध्यापिका व्हरांड्यातून चालल्या होत्या. वर्ग बाहेर उभा बघून त्या रांगेच्या पुढे खिडकीपाशी आल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, हे काय चाललंय? आतून आवाज आला, “रांगेत या.” आम्ही सगळे भिंतीकडे बघायला लागलो. मुख्याध्यापिका वाकल्या, फटीतून आत पाहिलं आणि विचारलं, “हा मराठीचा तास आहे ना?”

“प्रॅक्टिकल,” बाई म्हणाल्या. आणि शिक्का मारला.

खिडकीचं कारण त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, चाचणीच्या वेळी पेपर वाटून झाल्यावर, जेव्हा कुणी मान वर करणार नाही तेव्हा. शिक्षिका होण्याआधी त्या एका कॉलेजच्या प्रवेश विभागात कारकून होत्या. “सहा वर्षं मी खिडकीच्या आत होते. खिडकी बुटकी होती. आतून तोंडं दिसायची नाहीत, नुसते हात दिसायचे. फॉर्म पुढे करणारे. पिकलेल्या केसांचे, अंगठ्या घातलेले, तंबाखूनं बोटं पिवळी झालेले. सोळा वर्षांचा हात क्वचित. ज्याला प्रवेश घ्यायचा तो मागे कुठंतरी पाण्याची बाटली धरून उभा असायचा.” मग घड्याळ बघून म्हणाल्या, “लिहा. दहा मिनिटं गेली.” त्यांचं घड्याळ पुरुषी होतं आणि दहा मिनिटं पुढे होतं, त्यामुळे गेली नव्हती.

त्या नेहमी बरोबर असायच्या असं नाही. एका मुलानं अर्जात तीनदा ‘माझ्या वडिलांची इच्छा आहे’ असं लिहिलं होतं. बाईंनी शेरा मारला, ‘मग वडिलांना बसवा कॉलेजात. नामंजूर.’ त्या मुलानं कागद घडी करून खिशात ठेवला. त्याचे वडील दिवाळीच्या सुट्टीत वारले होते. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या सुट्टीत कुणीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर नकाशा लागलेला होता, महिन्याचा शेवट नसताना. बाईंनी त्या मुलाला आत टेबलाशी बसवलं, त्याच्यापुढे शिक्का ठेवला, आणि स्वतः बाहेर येऊन खिडकीपुढे उभ्या राहिल्या. आम्ही दारातून बघत होतो. त्यांनी फटीतून कागद आत दिला. विषय: माफी मिळणेबाबत. मुलगा बराच वेळ वाचत होता. मग आतून शिक्क्याचा धप्प आवाज आला. त्यानं शेरा काय मारला ते नंतर समजलं. ‘ओके.’ बाईंनी त्याला ‘मंजूर’ लिहायला लावलं नाही. तो कागद त्यांच्या पर्समध्ये मी पुढे एकदा पाहिला, चार घड्या घातलेला.

वर्षातला पहिला ‘मंजूर’ मिळाला तो माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीला. ती डॉक्टरांची मुलगी. तिनं वैतागून लिहिलं होतं, ‘मी अमुक डॉक्टरांची मुलगी आहे. मला काय हवं आहे ते मला माहीत नाही. ते माहीत करून घेण्यासाठी कुठेतरी प्रवेश द्यावा.’ बाईंनी लिहिलं, ‘मंजूर. पहिला खरा अर्ज.’ पुढच्या महिन्यात पंचवीस जणांना आपल्याला काय हवं ते माहीत नव्हतं. पंचवीसही नामंजूर. कारण: नक्कल.

आता माझ्या अर्जांबद्दल. ते सात वेळा नामंजूर झाले होते. मी दर वेळी सुबक लिहायचे, ऱ्हस्व-दीर्घ सोडलं तर चुका कमी असायच्या. पहिल्या-दुसऱ्या वेलांटीचं आणि माझं कधीच जमलं नाही. मी लिहायचे: माझे वडील व्यवसाय करतात. मला विज्ञान शाखेत प्रवेश घेऊन पुढे कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचे आहे. ‘व्यवसाय’खाली तांबडी रेघ आणि ‘कसला?’ दर महिन्याला तेच. ‘कसला?’ त्यांना माहीत होतं. त्या रोज सकाळी त्या व्यवसायापुढे लुना उभी करायच्या. त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी मी लिहीत नव्हते आणि त्या विचारायचं सोडत नव्हत्या.

कॉम्प्युटर ही अण्णांची, माझ्या वडिलांची, योजना होती. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. मी जन्मले तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की ही मातीत हात घालणार नाही. म्हणून इंग्रजी शाळा. म्हणून मला गुलाब काढायला न्यायचे नाहीत, मी गेलेच तर म्हणायचे, “तू ठेव. काटे लागतील. जा, अभ्यास कर.” मी रविवारी तरीही जायचे. जाऊन बघायचे.

माझी एक वही होती. पावसाळ्यात आमच्या गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडायचे, पानं पिवळी होऊन गळायची. अण्णा दुकानदार देईल ते औषध मारायचे. मी सातवीपासून वहीत लिहून ठेवत होते, कुठल्या ओळीत ठिपके कधी दिसले. तीन पावसाळे झाले. दर वर्षी ते विहिरीकडच्या ओळींत आधी यायचे. तिथं पूर्वेला चिंचेचं मोठं झाड आहे, त्या ओळींवर सकाळचं ऊन उशिरा पोचतं, पानं खूप वेळ ओली राहतात. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वही इंग्रजीत होती, म्हणून घरात कुठेही पडली तरी चालायची. माझ्या घरात इंग्रजी म्हणजे कुलूप होतं, आणि मी त्याच्या आत बरी होते. मला शेतकी कॉलेजात जायचं होतं. ज्यातून बाहेर काढायला अण्णांनी इतकी वर्षं घालवली, त्याच्यातच परत. हे तोंडानं सांगण्याची मी कल्पनाही करू शकत नव्हते.

आठव्या अर्जाच्या वेळी मी खिडकीतून हात आत घातला. आदला दिवस सुट्टीचा होता, मी गुलाबाच्या जुड्या बांधल्या होत्या. आतून शिक्क्याचा आवाज आला नाही. माझा हात तसाच फटीत. मागचे ढकलायला लागले.

“अर्जदार सतरा,” बाई नकाशाच्या मागून हळू आवाजात म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल इतक्या, “तुमच्या हाताला माहीत आहे. कागदाला माहीत नाही. घेऊन जा.”

मी हात बाहेर काढला. बोटांवर काट्यांचे ओरखडे होते आणि नखांत हिरवं.

तो अर्ज मी सोमवारी पुन्हा लिहिला. एका बैठकीत, डिक्शनरी न घेता. माझे वडील फुलांची शेती करतात. माझी आई ती फुले पंचवटीत विकते. मला कृषि महाविद्यालयात प्रवेश हवा आहे. मग ठिपके, तीन पावसाळे, विहिरीकडच्या ओळी, चिंच. शेवटी लिहिलं, दुकानदाराला जे माहीत नाही ते मला शिकायचे आहे. बाईंनी तो वाचला आणि काहीच न लिहिता परत दिला. “खाली रेघ मारा. ‘पालकांचा शेरा’ असं लिहा. घरून आणा.”

माझ्या हातून चूक झाली ती इथे. मला वाटलं, सही तर घ्यायची आहे. अण्णा प्रगतिपुस्तकापासून सहलीच्या फॉर्मपर्यंत सगळ्यावर न वाचता सही करायचे. शाळेतून येणारा प्रत्येक कागद इतकी वर्षं इंग्रजीत होता. हा नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी अण्णा शेडमध्ये गुलाबाच्या जुड्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. आई समोर बसून देठ कापत होती. मी कागद आणि पेन पुढे केलं.

“सही कुठं?” त्यांनी हात पुसत विचारलं. मी बोट दाखवलं. ते पेन टेकवणार, तोच थांबले. “हे मराठीत हाय.”

मी कागद ओढून घ्यायला हात पुढे केला असेन. त्यांनी तो वर धरला आणि उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. वाचताना त्यांचे ओठ हलतात. मला एकेका ओळीला ते कुठे आहेत हे कळत होतं.

“काय लिहिलंय ओ?” आई म्हणाली.

“थांब.”

त्यांनी शेवटापर्यंत वाचलं, मग पहिल्यापासून परत. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “हे बाईंनी लिहायला लावलं म्हणून लिहिलं का?”

हो म्हणता आलं असतं. शाळेचा निबंध आहे अण्णा, उगाच काहीतरी. त्यांनी सही केली असती, आणि सगळं होतं तसं राहिलं असतं. त्यांनीच ते दार उघडून दिलं होतं.

“नाही,” मी म्हणाले.

“मंग कॉम्प्युटर?”

मी खाली पडलेली पानं वेचायला लागले.

“लय वर्षं झाली तुला तिकडं घालून,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “पोरीच्या हाताला माती लागू नये म्हणून. आन् तू म्हणती, मातीच पाहिजे.”

“अहो, पण लिहिलंय काय?” आईनं पुन्हा विचारलं.

“चिंचेनं गुलाब खराब होतो म्हणती,” अण्णा म्हणाले, आणि कागद घेऊन शेडच्या बाहेर गेले. अजून उजेड होता. ते विहिरीकडच्या ओळींत शिरले. एका झाडाशी वाकले, पान उलटं करून बघितलं, मग पुढच्या. मग उभं राहून चिंचेकडे बघत राहिले. आई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “मला वाचून दाखव.” मी म्हटलं, कागद त्यांच्याकडे आहे. “मंग तोंडी सांग,” ती म्हणाली. मी तोंडी सांगितलं. पहिल्यांदाच. देठ कापता कापता ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, “चिंच तुझ्या आजानं लावलेली हाय. जपून बोल.”

जेवताना कुणी विषय काढला नाही. सकाळी कागद माझ्या दप्तरावर ठेवलेला होता. जुड्यांवर खुणा करायच्या जाड पेन्सिलीनं खाली लिहिलं होतं: ‘वाचले. विहीरीकडचे खरे आहे. बाकी विचार करतो.’ आणि सही.

बाई कुठल्याही कागदावरची चूक सोडत नसत. मुख्याध्यापिकांच्या फलकावरचं ‘सुचना’ त्यांनी खुर्चीवर चढून दुरुस्त केलेलं आम्ही पाहिलं होतं. त्यांनी अण्णांचा शेरा वाचला. तांबडं पेन हातात होतं. ‘विहीरी’वर ते क्षणभर थांबलं आणि तसंच पुढे गेलं. माझ्या ‘कृषि’लाही त्या दिवशी काही केलं नाही. मग त्यांनी आवकचा शिक्का मारला, आणि शेऱ्याच्या जागी एक शब्द लिहिला. प्रलंबित.

“म्हणजे काय, बाई?”

“नाही म्हटलेलं नाही. हो म्हटलेलं नाही. कागद टेबलावर आहे.” त्यांनी तो अर्ज मला परत दिला नाही. कंपासपेटीखालच्या फाइलीत ठेवला. “आता घाई करायची नाही. विचार करतो म्हणणारा माणूस विचार करतोय, तोवर मध्ये बोलायचं नाही.”

आम्ही दहावीत गेलो त्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. नव्या शिक्षिकेनं गाइडमधले तीन अर्ज पाठ करून घेतले, आणि मला त्या प्रश्नात पैकीच्या पैकी मिळाले. अकरावीला मी सायन्स घेतलं. ते अण्णांच्या योजनेतही बसत होतं आणि माझ्याही, म्हणून कुणालाच काही बोलावं लागलं नाही. बाई सकाळी आईकडून एक फूल नेत राहिल्या. आई सांगायची, त्या कधी माझ्याबद्दल विचारत नाहीत, फक्त म्हणतात, “टेबलावर आहे म्हणावं.” आईला वाटायचं, फुलाबद्दल म्हणतात.

मी बारावीत जायच्या उन्हाळ्यात एका सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. अण्णा चिंचेवर चढले होते. झाड तोडलं नाही, फक्त विहिरीच्या अंगाच्या दोन मोठ्या फांद्या उतरवल्या. मला बघून म्हणाले, “तुझ्या वहीत लिहून ठेव. आज कापली.” त्या पावसाळ्यात विहिरीकडच्या ओळींना ठिपके सगळ्यांबरोबर आले, आधी नाही. मी वहीत लिहिलं. मराठीत.

बारावीनंतर प्रवेशासाठी आम्ही दोघं एस.टी.नं गेलो. चार तासांचा प्रवास. फाइल सगळा वेळ अण्णांच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. कॉलेजच्या कचेरीबाहेर रांग होती, आणि रांगेच्या टोकाला बुटकी खिडकी. माझ्यापुढच्या सगळ्या मुलांचे वडील खिडकीशी होते. आमचा नंबर आला तेव्हा अण्णांनी फाइल माझ्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरकले. खिडकीची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती.

मी हात आत घातला.

“पालक कुठे आहेत?” आतून आवाज आला.

“मी मागं हाय,” अण्णा म्हणाले. “अर्ज तिचा हाय. तिला इचारा.”

हॉस्टेलवर गेल्यावर मी बाईंना पोस्टकार्ड टाकलं. चारच ओळी. अर्जदार क्रमांक सतरा. कृषि महाविद्यालयात प्रवेश मिळाला. अण्णा बरोबर आले होते. अर्ज मी दिला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, तेही कार्डच. मजकूर काही नव्हता. मधोमध जांभळा शिक्का होता, ‘जावक’, तिन्ही अक्षरं स्वच्छ उमटलेली. आणि खाली कोपऱ्यात, तांबड्या शाईत: ‘कृषी. दुसरी वेलांटी.’